सारखी चूक

माझ्या वर्गातली मुलं एकमेकांचं बघून लिहितात, ते मला उत्तरांवरून कळत नाही. सतरा सत्ते एकशे एकोणीस दोन वह्यांत असलं, तर दोघांनाही पाढा येत असेल. पण दोन वह्यांत एकाच जागी एकच चूक असली, की काही विचारावं लागत नाही. एकाने दुसऱ्याचं बघितलेलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं वह्या तपासून लागलेली ही नजर माझ्या धाकट्या भावाच्या अपिलात कामाला आली. त्याची ही हकीकत.

ऑक्टोबर २०१४ मध्ये माहेरच्या शेजारचे काका त्यांच्या पडवीत मरून पडलेले सापडले. ते एकटेच राहायचे. माझा भाऊ तेव्हा एकवीस वर्षांचा होता. तो त्यांची बाग शिंपायचा, बाजार आणून द्यायचा. तिसऱ्या दिवशी त्याला उचललं. नऊ दिवस पोलीस कोठडी झाली, मग एक रात्र न्यायालयीन कोठडी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली कबुलीजबाब दिला. पगाराच्या उचलीवरून वाद झाला, राग आला, कोयत्याने मारलं, असं त्यात होतं.

आता घरातलं सगळ्यात अवघड सांगते. आम्ही ते खरं मानलं. गावाने मानलं, नातेवाइकांनी मानलं, मी मानलं, आईनेसुद्धा मानलं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे आम्हालाही ऐकून माहीत होतं. पण हा तर साहेबांसमोर दिलेला होता. खून केल्याशिवाय ‘मी मारलं’ असं कोण म्हणेल? पहिल्या मुलाखतीला आईने जाळीपलीकडून विचारलं, “तू केलंस का रे?” तो खाली बघत म्हणाला, “लिहून दिलंय ना.” त्यानंतर आईने कधीच विचारलं नाही. दोन महिन्यांनी त्याने तुरुंगातून सत्र न्यायालयाला पत्र लिहिलं, की तो जबाब खोटा आहे. आम्हाला वाटलं, वकिलाने लिहायला लावलं असेल. कबुलीजबाबाची ताकद ही अशी असते. तो दिला की खरा, आणि फिरवला की फिरवणारा लबाड.

एप्रिल २०१७ मध्ये जन्मठेप लागली. जन्मठेपेवरचं अपील थेट उच्च न्यायालयात जातं आणि त्याला साठ दिवसांची मुदत असते. नकला काढणं, वकीलपत्रावर तुरुंगात सही घेणं, यात ते दिवस भराभर गेले. अपील दाखल झालं. शिक्षेला स्थगिती देऊन जामीन मिळावा म्हणून केलेला अर्ज मात्र फेटाळला गेला. तोवर आईच्या पाटल्या गेल्या होत्या, माझं पतसंस्थेचं कर्ज झालं होतं, आणि पहिल्या वकिलांनी फोन उचलणं बंद केलं होतं.

मग कुणीतरी विधी सेवा समितीचं सांगितलं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे मला आधी माहीत असतं तर आईचे हात मोकळे झाले नसते. भावाने तुरुंगातूनच अर्ज केला आणि २०१८ च्या शेवटी एक वकीलबाई नेमल्या गेल्या. वयाने माझ्याहून लहान होत्या.

पहिल्या भेटीला मी पिशवी भरून कागद नेले होते. त्यात त्याचं दहावीचं प्रमाणपत्र होतं, वर्तणुकीचा दाखला होता, त्या संध्याकाळी तो घरीच होता असं दोन शेजाऱ्यांनी सही करून लिहून दिलेलं होतं. त्यांनी ते शांतपणे चाळून बाजूला ठेवलं.

“ताई, त्याने केलं नाही हे आपल्याला सिद्ध करायचंच नाहीये.”

मला राग आला. मी म्हटलं, “मग आपण करायचं तरी काय?”

“त्याने केलं हे त्यांनी सिद्ध केलंय का, एवढंच बघायचं. तो भार त्यांचा आहे. खालच्या कोर्टात शिक्षा झाली म्हणून तो आपल्या डोक्यावर येत नाही. अपिलात सगळा पुरावा पुन्हा पहिल्यापासून तपासतात.”

खरं सांगते, मला तेव्हा ही वकिली पळवाट वाटली. एक माणूस मेलाय, माझा भाऊ तुरुंगात आहे, आणि ह्या म्हणतात समोरच्याची बाजू लंगडी आहे का ते बघू. मला ‘त्याने केलं नाही’ एवढं एक वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. ते वाक्य देणं कोर्टाचं कामच नाही, हे पचायला मला बरेच महिने लागले.

निघताना त्यांनी पेपरबुकाची झेरॉक्स माझ्या हातात दिली. खटल्याचे सगळे कागद, साक्षी, पंचनामे, निकाल, असे त्याचे ३१२ पानांचे दोन भाग होते. “साक्षी मराठीत आहेत, तुम्ही शिक्षिका आहात. वाचा, आणि जिथे अडेल तिथे खूण करा. पेन्सिलने, पेनाने नको.”

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही हे कागद वाचले नव्हते. कबुलीजबाब आहे म्हटल्यावर वाचायचं काय, असंच वाटत राहिलं.

आधी तोच काढला. सहा पानं, दुसऱ्याच कुणाच्या तरी सुवाच्य अक्षरात. ‘मी सदर इसमाकडे उचल रकमेची मागणी केली असता त्याने मला शिवीगाळ केल्याने मला राग अनावर झाला व मी धारदार कोयत्याने मयताच्या डोक्यावर दोन वार करून त्यास जिवे ठार मारले.’ माझा भाऊ काकांना ‘सदर इसम’ म्हणेल? जबाब लिहून घेणारा माणूस आपल्या भाषेत उतरवतो, त्यावरून फार काही ठरत नाही, असं वकीलबाई नंतर म्हणाल्या. तरी मी पहिली खूण तिथेच केली.

आणि मग शवविच्छेदनाचा अहवाल, पान १४३. डोक्याला दोन जखमा. फाटलेल्या, कडा ओबडधोबड, खाली कवटीचं हाड मोडलेलं. कठीण आणि बोथट वस्तूने झालेल्या. कापल्याची एकही जखम नाही.

मी मागे गेले. प्रेत सापडलं त्या दिवशीचा मरणोत्तर पंचनामा काढला. त्यात पंचांनी लिहिलं होतं, ‘डोक्यावर धारदार हत्याराने वार केल्याच्या दोन जखमा दिसतात.’ पंच काही डॉक्टर नव्हते. रक्ताने माखलेलं डोकं बघून त्यांनी अंदाजाने लिहिलं. चूक अगदी साधी होती. पण ती चूक माझ्या भावाच्या कबुलीजबाबात कशी आली? ज्याने मारलं त्याला आपल्या हातात काय होतं ते माहीत असणार. पंचनामा चुकला, तसाच कबुलीजबाबही चुकला, त्याच जागी, त्याच शब्दांत. शवविच्छेदनाचा अहवाल पोलिसांना कधी मिळाला तेही रेकॉर्डवर होतं. कबुलीजबाबानंतर चार दिवसांनी.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पेन्सिल ठेवून मी बराच वेळ नुसती बसले. चार वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की माझा भाऊ तिथे नव्हता. त्यालाही पहिल्यांदाच कळवावंसं वाटलं, की मी तुझ्यावर विश्वास ठेवला नव्हता.

खालच्या कोर्टात सरकारी वकिलांनी ही भेग बुजवली होती. डॉक्टरांना विचारलं होतं, की कोयत्याच्या मागच्या बोथट बाजूने अशा जखमा होऊ शकतात का. डॉक्टर म्हणाले, ‘शक्य आहे.’ निकालात न्यायाधीशांनी ते दोन शब्द उचलले आणि पुढे गेले. वकीलबाईंना हे दाखवलं तेव्हा त्यांनी शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. ‘केलं असेल’ आणि ‘केलंच असलं पाहिजे’ यांच्यातलं अंतर फार लांबचं आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी मला सांगितला. पुढे १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या, त्यातली पहिली याच वाक्यावर उभी आहे. “डॉक्टरांचं ‘शक्य आहे’ आपल्याला पुरलं असतं, ताई. त्यांना ते पुरत नाही,” त्या म्हणाल्या. भार कुणावर आहे याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

कोयत्याचंही तसंच. तो आमच्याच घरामागून भावाने काढून दिला, असा पंचनामा. आमच्याकडे घरटी कोयता असतो. त्यावर माणसाचं रक्त मिळालं, पण गट ठरवता आला नाही, असा सी. ए. रिपोर्ट, म्हणजे सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल होता. पंचनाम्यात वाक्य होतं, ‘ज्या कोयत्याने मी खून केला तो लपवून ठेवलेला कोयता काढून देतो.’ वकीलबाईंनी त्यातल्या ‘ज्या कोयत्याने मी खून केला’ एवढ्याला चौकट केली. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली वस्तू कुठे सापडली त्याच्याशी थेट संबंधित तेवढंच बोलणं पुराव्यात घेता यायचं, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात १९४६ मध्येच सांगून ठेवलंय. तरी अख्खं वाक्य वाचलं गेलं होतं. ते एकदा कानावर पडलं की काढून टाकता येत नाही, कायदा काहीही म्हणो.

पण खरा प्रश्न होता, की मग त्याने ‘मी मारलं’ असं म्हटलं का?

त्याचं तुरुंगातून पाठवलेलं पत्र पेपरबुकात होतं, त्याच्याच अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट. ‘मी बोललो ते खोटं आहे. मला आईला घरी पाठवायचं होतं.’ एवढ्या दोनच ओळी. हे पत्र वाचून दाखवलं गेलं तेव्हा आई कोर्टात नव्हती. मी होते, आणि मला ते पाठ करून घेतल्यासारखं वाटलं होतं.

त्या ओळींची दुसरी टोकं शोधायला मला आणखी तीन रात्री लागल्या. तपास अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीत, पान २०८ वर, मधेच एक वाक्य होतं. ‘हे म्हणणे खरे आहे की, आरोपीच्या आईस दोन दिवस चौकशीकामी पोलीस ठाण्यात बोलावले होते. हे म्हणणे खोटे आहे की, तिला रात्रीपर्यंत बसवून ठेवले.’ ते दोन दिवस म्हणजे कोठडीचा आठवा आणि नववा. दहाव्या दिवशी तो कबूल करायला तयार झाला.

बाईमाणसाला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या घरी जाऊन विचारायचं, असं तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० मध्येच होतं. मी आईला फोन केला. “हो, बोलावलं होतं की,” ती म्हणाली. “बाकड्यावर बसवलं. त्याला समोरून नेलं दोनदा. माझ्याकडे बघत होता.” आणि मग थोड्या वेळाने, “मी काही सांगितलं नव्हतं गं तुला. तुझ्या सासरी कशाला ते.” त्याने हे कुणासाठी केलं ते मी तिला फोनवर सांगितलं नाही. पुढेही बरेच दिवस सांगितलं नाही.

खालच्या निकालपत्रात एक वाक्य आहे, ‘आरोपीने आपणावर दबाव आणल्याचा कोणताही पुरावा दिलेला नाही.’ वैद्यकीय तपासणीत अंगावर जखम नव्हती, म्हणजे जोरजबरदस्ती नव्हती, असा हिशेब. वकीलबाईंच्या मते सगळं अपील या एका वाक्यात होतं. पुरावा कायद्याचं कलम २४ म्हणतं, की धमकी, आमिष किंवा वचन यामुळे कबुलीजबाब दिल्याचं न्यायालयाला ‘दिसून येत असेल’ तर तो ग्राह्य नाही. ‘सिद्ध झालं असेल’ तर, असं ते म्हणत नाही. प्यारेलाल भार्गव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच शब्दावर बोट ठेवून सांगितलं, की इथे सिद्ध करण्याइतकी खात्री लागत नाही. तो आरोपी स्वतः हरला, पण शब्दाचा अर्थ कायम राहिला. कोठडीत एकटा असलेला माणूस साक्षीदार आणणार कुठून? म्हणूनच तो शब्द तिथे आहे. (आता १ जुलै २०२४ पासून १६४ च्या जागी नव्या संहितेचं १८३ आणि २४ च्या जागी नव्या साक्ष कायद्याचं २२ आहे. आमचं प्रकरण जुन्या कायद्याखालचं.)

आणखी दोन गोष्टी निघाल्या. कबुलीजबाबापूर्वी पोलिसांपासून लांब ठेवून विचार करायला वेळ द्यावा लागतो. सरवण सिंग प्रकरणात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा वेळ निदान चोवीस तासांचा असावा असं म्हटलंय. भावाला मिळाले सतरा-अठरा तास, आणि तेही तहसीलच्या आवारातल्या सबजेलमध्ये, पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून. पहाऱ्याला त्याच ठाण्याचे शिपाई. ‘कबूल केलं नाहीस तरी तुला परत पोलिसांच्या ताब्यात देणार नाही’ हे वाक्य प्रश्नावलीत कुठेच नव्हतं. छापील फॉर्मवर ‘समजले’, ‘होय’, ‘नाही’ अशी उत्तरं होती. आणि वेळ लिहिली होती, सुरुवात १२.१०, शेवट १२.५०. चाळीस मिनिटांत बजावणी, प्रश्न, सहा पानांचा हाताने लिहिलेला मजकूर, तो वाचून दाखवणं आणि सह्या. एका रविवारी मी घड्याळ समोर ठेवून ती सहा पानं नुसती उतरवून काढली. मी रोज फळ्यावर आणि वहीत लिहिणारी बाई. मला एक तास अठरा मिनिटं लागली. वकीलबाई म्हणाल्या, तुमचं लिहिणं पुराव्यात येणार नाही, पण त्यांच्या दोन्ही वेळा रेकॉर्डवर आहेत, तेवढं बास.

एवढं हातात असूनही चार वर्षं गेली. अपील बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत लागायचं, क्रमांक साठ-सत्तरच्या पुढे, पाच वाजायचे आणि पुढची तारीख पडायची. त्यात करोनाची दोन वर्षं. त्या काळावर लिहिण्यासारखं काही नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये खंडपीठासमोर सुनावणी झाली, दोन दुपारी. पहिल्या दुपारी सरकारी वकिलांनी तेच विचारलं जे आम्ही घरात विचारत होतो, न केलेला खून कोण कशाला कबूल करेल? उत्तर देताना आमच्या वकीलबाईंनी आवाज चढवला नाही. पान १४३, मग पंचनामा, मग कबुलीजबाब, अशी तीन पानं वाचली आणि थांबल्या. थोरल्या न्यायमूर्तींनी ती तिन्ही पुन्हा स्वतः उलटून बघितली. दुसऱ्या दुपारी त्यांनी सरकारी वकिलांना दोनच प्रश्न केले. सबजेलवर पहारा कोणाचा होता? आणि आईला ठाण्यात बोलावण्याचं कारण काय? पहिल्याचं उत्तर मिळालं. दुसऱ्याला कागद चाळले गेले.

निकाल मार्चमध्ये आला. कबुलीजबाब ऐच्छिक असल्याचं दिसत नाही, तो वैद्यकीय पुराव्याशी जुळत नाही, दबाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकण्यात खालच्या न्यायालयाची चूक झाली, आणि अभियोग पक्ष गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करू शकलेला नाही. दंड भरला असल्यास परत करावा. अन्य प्रकरणात नको असल्यास तात्काळ सोडावं. ‘त्याने केलं नाही’ असं वाक्य त्यात नाही. मी शोधलं.

गावात काहीजण अजून म्हणतात, संशयाचा फायदा मिळाला. त्यांना वाटतं, ही कुणीतरी दिलेली सवलत आहे. माझ्या भावाची एकविसाव्यापासून तिसाव्यापर्यंतची वर्षं तिथे गेली. उरलेल्या संशयावर माणसाला आत ठेवायचं नाही, हा त्याचा हक्क होता, आणि तो त्याला उशिरा मिळाला.

तो सुटून आला त्या दिवशी आईने त्याला विचारलं, मी तिथे बसले होते म्हणून का रे? मला वाटतं, तिला आधीपासूनच ठाऊक होतं. तो म्हणाला, “आता राहू दे ना आई.” वरच्या कोर्टात बोलावलं तर हजर राहीन अशा सहा महिन्यांच्या हमीपत्राची मुदत संपेपर्यंत तो गावाबाहेर कुठेच गेला नाही. सरकार वर गेलं नाही.

दिवाळीच्या सुमारास काकांची मुलगी आली. ती प्रत्येक तारखेला खालच्या कोर्टात आमच्या पलीकडच्या बाकावर बसायची, आणि इतक्या वर्षांत आमच्यात एक शब्द झाला नव्हता. मी माहेरी आले होते. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हटल्यावरही.

“दादाने केलं नाही, असं तुम्ही म्हणता,” ती म्हणाली. “मग माझ्या वडिलांना कुणी मारलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोलिसांकडेही नव्हतं. कबुलीजबाब मिळाला त्या दिवसापासून दुसरं कुणी असेल का, हे कुणी बघितलंच नव्हतं. काकांकडे कोण यायचं-जायचं, पडवीतलं काय हललं होतं, बोथट वस्तू म्हणजे नेमकी कोणती, यातलं एकही पान त्या दोन भागांत नाही. नऊ वर्षांनी ते कुठून येणार?

मी आत जाऊन पेपरबुक आणलं. कडा मऊ झाल्या होत्या, पेन्सिलच्या खुणा सगळीकडे. तिने दोन्ही भाग हातात घेतले, वजन बघितल्यासारखे.

“एवढं सगळं वाचायचं?”

“आधी पान १४३ वाच,” मी म्हटलं. “मग पंचनामा. काही अडलं तर मला फोन कर.”

तिने पहिला भाग उघडला आणि दारातच, पायरीवर बसून वाचायला लागली. आईने तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.